बोटानं दाखवता न येणारे शब्द

मागच्या दिवाळीत, पाडव्याच्या सकाळी, फराळाच्या ताटांभोवती घर जमलेलं असताना मी वही घेऊन बाजूला बसले आणि कानावर पडेल ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. जेमतेम मिनिटभराचं बोलणं होतं.

"अगं, ते इकडे दे ना."
"हे?"
"हे नाही, ते. हं, तेच."
"अजून घे."
"नको, पुरे झालं."
"बघ तरी, कसं झालंय?"
"छान झालंय. तू केलंस?"
"मी नाही, आईनं."
"थांब, तिकडे नको ठेवू. वर ठेव."
"कुठे?"
"आत. आता बंद कर ते."

एकूण ३९ शब्द. त्यांत नाम एकच, 'आई'. चकली, करंजी, चिवडा, डबा, फडताळ यांतलं एकही नाव कुणी घेतलं नाही आणि तरी कुणाचं काही अडलं नाही. चकली समोरच होती, डबा हातात होता. जे समोर असतं त्याच्याकडे बोट केलं, मान वळवली की भागतं. 'नको'कडे मात्र बोट करता येत नाही. 'अजून', 'परत', 'वेगळं', 'कुठे', 'का' या गोष्टी घरातल्या कुठल्याच कोनाड्यात ठेवलेल्या नसतात. त्या फक्त शब्दांतच असतात.

हा हिशेब करावासा वाटला तो एका मुलीमुळे. वय नऊ. तालुक्याच्या गावातली विशेष शाळा, दहा-बारा मुलांचा वर्ग. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. हातपाय ताठ, जीभ आणि ओठ तिच्या हुकमात नाहीत. ऐकू उत्तम येतं आणि समजतंही. वर्गात कुणी चुकीचं उत्तर दिलं की सगळ्यांत आधी हिचे डोळे चमकतात. तिच्या चाकाच्या खुर्चीला लावलेल्या फळीवर एक पुठ्ठा चिकटवलेला होता. त्यावर आईनं जुन्या कॅलेंडरांतून आणि जाहिरातींतून मायेनं कापून लावलेली सहा चित्रं: पेला, ताट, संडास, औषध, टीव्ही, खाट.

तासाभरात तिनं पाच वेळा पेल्यावर बोट ठेवलं. चार वेळा वर्गाच्या ताईंनी तिला दोन-दोन घोट पाणी पाजलं. पाचव्या वेळी तिनं ओठ घट्ट मिटले, मान फिरवली आणि पुन्हा पेल्यावरच बोट ठेवलं. ताई कळवळल्या. हिला नक्की हवंय तरी काय, हे त्यांना कळेना, मलाही कळेना.

परतताना एसटीत तोच प्रश्न छळत राहिला. तिला म्हणायचं असेल, 'इकडे ये'. किंवा 'ही बाई कोण?' किंवा 'ते गाणं परत म्हणा'. किंवा 'आता बास'. यांतलं काहीच पुठ्ठ्यावर नव्हतं. तिच्या घराला सहा दारं होती आणि सहाही स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि अंथरुणाकडे उघडत होती. माणूस अंगणात येतो, चार जणांत बसतो, ते दार कुणी ठेवलंच नव्हतं.

गाभ्याचे शब्द

बोलणं म्हणजे मागणं, असं आपण न बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत सहज धरून चालतो. भूक, तहान, शी-शू, दुखणं एवढं सांगता आलं म्हणजे झालं. जॅनिस लाइट या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९८८ मध्ये संवादाची चार कामं वेगळी करून दाखवली होती: गरज सांगणं, माहिती देणं-घेणं, जवळीक साधणं आणि चार माणसांत रीत पाळणं. त्यांतलं पहिलं काम सगळ्यांत छोटं. आपल्या दिवसभराच्या बोलण्यातलं किती बोलणं मागण्याचं असतं ते आठवून पाहावं. बाकीचं सगळं तक्रार, कौतुक, चिडवणं, विचारणं, नाकारणं, सांगत बसणं. मूल बोलू शकत नाही म्हणून त्याला या बाकीच्याची गरज नसते, असं कसं म्हणता येईल?

ज्यांना तोंडानं बोलता येत नाही किंवा पुरेसं येत नाही, त्यांच्यासाठी चित्रं, खुणा, अक्षरं, यंत्रं यांच्या आधारानं संवाद उभा करण्याच्या पद्धतीला पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. या क्षेत्रातली माणसं तिला थोडक्यात एएसी म्हणतात. या कामात गेल्या काही दशकांत हळूहळू स्थिरावलेला एक विचार म्हणजे 'कोअर व्होकॅब्युलरी'. शाळांतल्या ताई 'कोअरचे शब्द' म्हणतात. मी त्यांना गाभ्याचे शब्द म्हणते. कुठल्याही माणसाचं रोजचं बोलणं मोजलं तर त्यातला तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काहीशे शब्दच पुन्हा पुन्हा भरून काढतात. ते शब्द विषय बदलला तरी बदलत नाहीत. स्वयंपाक असो, क्रिकेट असो, मयत असो. मी, तू, ते, नाही, कर, जा, झालं, कुठे हे असतातच. उरलेले हजारो शब्द त्या-त्या प्रसंगापुरते येतात आणि जातात. 'करंजी' दिवाळीत येते, 'नको' वर्षभर असतो.

२००३ मध्ये बनाजी, डिकार्लो आणि स्ट्रिकलिन या तिघींनी अमेरिकेतल्या ५० चिमुरड्यांचं बोलणं टिपून मोजलं. त्या बोलण्याचा जवळपास ९६ टक्के भाग अवघ्या २६ शब्दांनी व्यापलेला होता आणि त्या २६ मध्ये एकही नाम नव्हतं. ही बोलती मुलं होती. न बोलणाऱ्या त्याच वयाच्या मुलांच्या हाती मात्र आपण नामांचीच चित्रं देत आलो आहोत. नामाचं चित्र काढायला सोपं असतं, हे त्याचं साधं कारण. सफरचंद काढता येतं. 'वेगळं' कसं काढायचं?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या केंद्रात कॅरन एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्या मुलांच्या हाती अजून कुठलीच भाषा आलेली नाही त्यांच्यासाठी 'प्रोजेक्ट कोअर' नावाचं काम उभं केलं. त्यांनी सुरुवातीला निवडले फक्त ३६ शब्द. त्यांत 'पाणी' नाही, 'जेवण' नाही. त्यांत आहेत: मी, तू, आवड, हवं, नाही, अजून, जा, बघ, मदत, उघड, कर, ठेव, सारखं, वेगळं, वर, आत, सगळं, थोडं, संपलं, थांब, कुठे, काय, का, कोण, कधी आणि असेच बाकीचे.

या यादीची ताकद वाचून कळत नाही, वापरून कळते. 'पेला' या चित्रानं फक्त पाणी मागता येतं. 'उघड' या एका शब्दानं दार, डबा, पुस्तक, खिडकी, मूठ, वेणी, सगळं उघडता येतं. 'परत' तर मराठीतला केवढा उदार शब्द! परत वाच, परत ये, माझं मला परत दे. एका चौकटीत तीन अर्थ मावतात आणि मुलाला कुठला हवा ते प्रसंगच सांगतो.

अभ्यासातही हे उतरतं. जलचक्राचा धडा घ्या. नामांचा तक्ता करायचा तर बाष्पीभवन, ढग, पाऊस, नदी, समुद्र अशी नवी चित्रं कापावी लागतील आणि पुढच्या आठवड्यात चुंबकाचा धडा आला की ती काढून टाकावी लागतील. त्याऐवजी प्रश्नाचा रोख बदलायचा. 'ऊन पडलं की पाण्याचं काय होतं?' मूल बोट ठेवतं: वर, जा. 'आणि ढगातून?' खाली, ये. 'मग संपलं का?' नाही, परत. सहा गाभ्याच्या शब्दांत जलचक्र पूर्ण झालं आणि मुलाला ते समजलंय की नाही हेही कळलं. 'बाष्पीभवन' या चित्रावर बोट ठेवल्यानं ते कळलं नसतं. गेल व्हॅन टाटेनहोव या अमेरिकी वाक्-चिकित्सक बाईंनी शिकवण्याच्या या रीतीचा आग्रह धरला: नाव विचारू नका, वर्णन करू द्या.

शांघायच्या पाट्यांपासून

चित्रांतून 'नको' आणि 'का' म्हणता येईल, हे आधी कुणाच्या तरी डोक्यात यावं लागतं. ते आलं त्याची कहाणी लांबून फिरून आपल्याकडे पोहोचते. चार्ल्स ब्लिस, मूळचा कार्ल ब्लिट्झ, १८९७ मध्ये तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या चेर्नोविट्झमध्ये जन्मलेला ज्यू रसायन अभियंता. अनेक भाषांच्या आणि एकमेकांवरच्या रागाच्या गावात तो वाढला. नाझींनी त्याला दाखाउ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबलं. सुटल्यावर फिरत फिरत तो शांघायला पोहोचला. तिथल्या दुकानांच्या पाट्यांवरची चिनी चिन्हं पाहून त्याला वाटलं, उच्चारावर अवलंबून नसलेली लिपी असेल तर माणसं एकमेकांना समजून घेतील. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातून त्यानं आपली चिन्हपद्धती पुस्तकरूपानं मांडली. जगानं ढुंकून पाहिलं नाही.

१९७१ मध्ये टोरांटोतल्या अपंग मुलांच्या केंद्रात शर्ली मॅकनॉटन या शिक्षिकेच्या हाती ते पुस्तक लागलं. सेरेब्रल पाल्सी असलेल्या, न बोलणाऱ्या मुलांसमोर तिनं ती चिन्हं ठेवली. त्यांत वस्तूंबरोबर भावना होत्या, क्रिया होत्या, काळ होता. मुलं चिन्हं जोडू लागली, तक्त्यावर नसलेल्या गोष्टीही दोन-तीन चिन्हं एकत्र करून सांगू लागली. जगातल्या शांततेसाठी रचलेली भाषा खुर्चीला खिळलेल्या मुलांच्या कामी आली. तिथून ती चिन्हं देशोदेशी गेली, भारतातल्या सेरेब्रल पाल्सीच्या शाळांतही शिकवली गेली. आपल्याकडे हे काम सुरू होण्याचा काळही साधारण हाच. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, सुधा कौल यांनी १९७४ मध्ये कोलकात्यात, पूनम नटराजन यांनी १९८५ मध्ये मद्रासला अशाच संस्था उभ्या केल्या.

मराठी तक्ता कसा असावा

आता आपल्या दाराशी येऊ. इंग्रजी ३६ शब्द घेतले, खाली मराठी लिहिलं आणि झाला तक्ता, असं अनेक ठिकाणी होतं. मी तसे तक्ते पाहिले आहेत. ते चालत नाहीत, कारण मराठी मूल मराठीत विचार करतं.

पहिली गोष्ट, 'मी'. इंग्रजीत हवं, आवडतं, जातो या सगळ्यांआधी 'मी'ला असणारा एकच शब्द चालतो. मराठीत 'मी जाते' पण 'मला हवं', 'मला आवडतं'. म्हणजे 'मी', 'मला' आणि 'माझं' अशा तीन चौकटी लागतात. पोर सगळ्यांत जास्त वापरणार ती 'मला'.

दुसरी, 'आम्ही' आणि 'आपण'. इंग्रजीला दोन्हींसाठी एकच शब्द पुरतो. मराठीत 'आपण जाऊ' म्हटलं की समोरचाही आला. 'आम्ही जातो' म्हटलं की तो वगळला. कुणाला सोबत घ्यायचं आणि कुणाला नाही, हे ठरवण्याचा हक्क शाळेच्या मधल्या सुट्टीत केवढा मोठा असतो! तो दोन चौकटींनी मिळतो.

तिसरी, लिंग. 'मी जातो' आणि 'मी जाते'. मुलीच्या हातातलं यंत्र पुरुषी रूपात बोलू लागलं तर वर्ग हसतो आणि ती मुलगी यंत्र मिटून ठेवते. म्हणून मराठी तक्त्यावर क्रियापदाचं मूळ रूपच ठेवणं बरं: जा, ये, कर, बघ, दे, घे. पण इथे एक गंमत होते. मराठीत हे मूळ रूप म्हणजेच 'तू'ला केलेली आज्ञा. 'जा'वर बोट ठेवणारं मूल 'मला जायचंय' म्हणत असेल किंवा 'तू जा' म्हणत असेल. म्हणून त्याच्या डाव्या हाताला 'मला' आणि 'तू' असायलाच हवेत आणि मोठ्यांनी ते आधी वापरून दाखवायला हवेत. मराठी वाक्य क्रियापदानं संपतं, तेव्हा माणसं डावीकडे, क्रिया उजवीकडे अशी रचना बोटाच्या प्रवासाला सोयीची पडते.

काही ठिकाणी मराठी वाचवतेही. 'ते' हा शब्द दूरचं दाखवतोही आणि आधी सांगितलेल्याची आठवणही करून देतो. इंग्रजीला तिथे दोन लागतात. 'वर' म्हणजे वरच्या दिशेला आणि टेबलावर, दोन्ही. 'नको' तर आपल्या भाषेनं मुलांना दिलेलं देणंच आहे. दोन अक्षरांत पूर्ण वाक्य, त्यात कर्ता, इच्छा आणि नकार सगळं आलं. आणि 'च'! 'मीच', 'तेच', 'आत्ताच', 'नकोच'. मराठी मूल हट्ट करतं ते 'च'नं. कुठल्याही परदेशी यादीत 'च' सापडणार नाही. पण त्याच्याशिवायचा मराठी तक्ता म्हणजे मिठाशिवायची भाकरी.

आणखी एक. घरी 'मले पायजे' म्हणणाऱ्या वऱ्हाडातल्या लेकराला 'मला पाहिजे' असं बोलणारा तक्ता परका वाटतो. सिंधुदुर्गातल्या घरात 'माका व्हया' हेच त्याचं पहिलं वाक्य. चित्राखाली कुठला शब्द लिहायचा, यंत्रात कुणाचा आवाज भरायचा, हे घराला विचारून ठरवावं. मुलीसाठी चुलत बहिणीचा, मुलासाठी वरच्या वर्गातल्या दादाचा आवाज. जो शब्द आजीच्या तोंडात नाही तो नातीच्या बोटात बसत नाही.

गाभ्याच्या शब्दांचा आग्रह धरला म्हणून नामं हद्दपार करायची नाहीत. आईचं नाव, भावाचं नाव, लाडका कुत्रा, गावची जत्रा, आवडता नट ही मुलाची खास माणसं आणि वस्तू तक्त्याच्या कडेला किंवा मागच्या पानांवर हवीतच. मात्र गाभा मध्ये आणि जागचा न हलणारा. पेटी वाजवणाऱ्याची बोटं पट्ट्या न पाहता चालतात, कारण 'सा' काल होता तिथेच आज असतो. दर महिन्याला कुणी पट्ट्यांची जागा बदलली तर भीमपलास कधीच वाजणार नाही. तक्त्यातली चौकट एकदा ठरली की ठरली. शब्द वाढवायचे तर रिकाम्या जागी वाढवायचे.

आधी आपण

तक्ता करून मुलासमोर ठेवला आणि ते बोलू लागलं, असं कुठेच घडत नाही. बोलतं बाळ पहिला शब्द काढण्याआधी साधारण वर्षभर आपलं बोलणं ऐकतं. त्या वर्षात त्याला कुणी परीक्षा घेऊन विचारत नाही. आपण नुसतं बोलत असतो. तक्त्याची भाषा मात्र मुलाला कुणीच बोलून दाखवत नाही आणि तरी त्यानं ती बोलावी अशी अपेक्षा असते. जेन कॉर्स्टन या अमेरिकी वाक्-चिकित्सक बाईंनी मांडलेला एक हिशेब या क्षेत्रात सगळीकडे सांगितला जातो: दीड वर्षाच्या बाळाच्या कानावर जितकी भाषा पडलेली असते, तितकी चिन्हांची भाषा मुलाच्या डोळ्यांसमोरून जायला, आठवड्यातून दोनदा वीस-तीस मिनिटांच्या थेरपीच्या दरानं ८४ वर्षं लागतील.

म्हणून मोठ्यांनी स्वतः बोलताना तक्त्यावर बोट ठेवत जायचं. सगळं वाक्य दाखवायचं नाही. ताई तोंडानं म्हणतात, 'चला, आता दार उघडू या', आणि बोट ठेवतात फक्त 'उघड'वर. आई वरण वाढताना म्हणते, 'अजून वाढू?' आणि बोट 'अजून'वर. गोष्ट वाचताना लांडगा आला की 'नको', 'जा', 'मदत'. मुलानं काही करावं अशी अट नाही. बघत राहिलं तरी पुरे. मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजायचं. ज्याचा हात आपल्या मनाप्रमाणे हलत नाही त्याला उत्तर सुचल्यापासून बोट टेकेपर्यंत वेळ लागतो आणि नेमक्या त्याच वेळात आपण पुढचा प्रश्न विचारून मोकळे होतो.

त्या मुलीच्या ताईंनी हे मनावर घेतलं. ३६ चौकटींचा तक्ता केला, लॅमिनेट करून घेतला, एक वर्गाच्या भिंतीवर, एक खुर्चीच्या फळीवर, एक घरी. कित्येक आठवडे फक्त ताईंचंच बोट फिरत राहिलं. मुलगी नुसती पाहायची. मधल्या काळात सगळ्यांनाच शंका येऊ लागली होती. मग एका सकाळी प्रार्थनेनंतर नेहमीचं बडबडगीत सुरू झालं आणि तिचं बोट 'नको'वर गेलं. ताईंनी गाणं तिथेच थांबवलं.

हे थांबवणं हीच मला सगळ्या पद्धतीतली मोलाची गोष्ट वाटते. 'नको' म्हटल्यावर गाणं थांबलं नसतं तर तो शब्द तिच्यासाठी पुन्हा एक चित्र झाला असता. शब्दानं जग हललं, म्हणून तो शब्द झाला.

काही गोष्टी कटाक्षानं टाळायच्या. 'दाखव बघू अजून कुठंय' अशी परीक्षा घ्यायची नाही. बोट ठेवल्याशिवाय खाऊ नाही, अशी अडवणूक करायची नाही. दंगा केला म्हणून तक्ता काढून घ्यायचा नाही. बोलक्या मुलाचं तोंड आपण शिवत नाही. आणि मुलाचा हात धरून त्याच्याकडून शब्द उमटवायचा नाही. हाताला किंवा कोपराला आधार देत, किंवा समोर अक्षरांचा फलक धरून मुलाकडून लांबलचक वाक्यं 'लिहवून घेण्याच्या' पद्धती जगभर गाजल्या. तपासण्यांत असं दिसलं की त्या वाक्यांचा कर्ता बहुतेकदा आधार देणारा माणूसच होता. अमेरिकेतल्या वाक्-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये अशा पद्धती वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. मुलाचा 'नको' चुकीचा असला, तोकडा असला तरी चालेल. तो त्याचाच असला पाहिजे.

आईबापांची भीती

प्रत्येक घरात एक प्रश्न येतो आणि तो रास्त आहे: तक्त्याची सवय लागली तर बोलण्याची आशाच सुटेल का? याचं उत्तर अभ्यासांतून मिळालेलं आहे. मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी २००६ मध्ये आधीचे अभ्यास चाळून त्यांतले काटेकोर तेवढे निवडले. त्यांतल्या २७ जणांपैकी २४ जणांचं तोंडी बोलणं वाढलं होतं, तिघांचं होतं तसंच राहिलं. कमी कुणाचंच झालं नाही. वाढ बहुतेक ठिकाणी थोडीच होती, हेही खरं. तक्ता जिभेवरचं ओझं कमी करतो, जीभ बांधत नाही.

दुसरी भीती उलट दिशेची: याला एवढं समजत तरी असेल का? १९८४ मध्ये ॲन डॉनेलन यांनी यावर एक साधं सूत्र दिलं. खात्री नसेल तेव्हा अशी समजूत धरा, जी चुकीची निघाली तरी मुलाचं नुकसान सगळ्यांत कमी होईल. समजतं असं धरलं आणि चुकलं, तर आपले काही तास गेले. समजत नाही असं धरलं आणि चुकलं, तर मुलाचं आयुष्य गेलं.

साधनांचं म्हणाल तर कागदापासून सुरुवात होते. बोट नेता येत नसेल तर मोठ्या माणसानं एकेका ओळीवरून बोट फिरवायचं आणि मुलानं डोळ्यांच्या उघडझापेनं किंवा हुंकारानं 'हीच' म्हणायचं. पारदर्शक फलकाच्या चार कोपऱ्यांत शब्द लावून नजरेनंही निवडता येतं. चेन्नईत अजित नारायणन यांनी विद्यासागर संस्थेतल्या मुलांबरोबर काम करत 'आवाज' हे बोलकं साधन घडवलं. २०११ मध्ये एमआयटीच्या तंत्रज्ञान नियतकालिकानं जगातल्या तरुण संशोधकांच्या यादीत त्यांना स्थान दिलं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये तयार झालेलं 'जेलो' हे मोफत ॲप मराठीतही बोलतं. स्पेनच्या आरागॉन सरकारचा 'आरासाक' हा चित्रसंग्रह तक्ते करण्यासाठी विनामूल्य वापरता येतो. यंत्राला स्वतःचा आवाज असतो, पाठ फिरवून बसलेल्या माणसालाही तो हाक मारू शकतो, हा त्याचा मोठा गुण. तरी बॅटरी संपते, पावसात टॅब बाहेर काढवत नाही. म्हणून कागदाचा तक्ता सोबत हवाच.

अक्षरांपर्यंत

गाभ्याचे शब्द हे मुक्कामाचं ठिकाण नाही. कुणी तरी दुसऱ्यानं निवडलेल्या ३६ किंवा ३६० शब्दांत कुठलाही माणूस मावत नाही. जे मनात आहे ते नेमकं म्हणायचं तर अक्षरं हवीत. मिठू अलूर यांनी संस्था काढली ती त्यांच्या मुलीच्या, मालिनी छिब यांच्या शिक्षणाच्या ध्यासातून. मालिनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकल्या, पुढे लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेतलं. टाइप केलेलं बोलून दाखवणाऱ्या लाइटरायटर यंत्रावर त्या बोलतात आणि एका बोटानं टाइप करून त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं. नावच 'वन लिटल फिंगर'. तिथवर जायचं तर न बोलणाऱ्या मुलालाही पहिल्या दिवसापासून गोष्टी वाचून दाखवाव्या लागतात, त्याच्यासमोर बाराखडी ठेवावी लागते. 'आधी बोलू दे, मग वाचायला शिकवू' हे वाक्य शाळांनी सोडून द्यायला हवं. अनेक मुलं वाचायला शिकूनच बोलणार आहेत.

कायदा त्यांच्या बाजूनं आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल आणि खुणांच्या भाषेबरोबर पूरक आणि पर्यायी साधनं धरतो. मला या हक्काची एक बाजू सगळ्यांत निकडीची वाटते. न बोलणाऱ्या मुलांना कुणी मारलं, कुणी नको तिथे हात लावला, तर सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात आणि हे वाईट माणसांना ठाऊक असतं. पेला, ताट आणि खाट यांच्या तक्त्यावर ते कधीच सांगता येणार नाही. 'कोण', 'तो', 'नको', 'दुखतं', 'परत' आणि शरीराच्या अवयवांची नावं असलेल्या तक्त्यावर येईल. रोज गाण्याला म्हटलेला 'नको' ज्याचा मानला जातो, तेच मूल वेळ आल्यावर मोठ्या माणसालाही 'नको' म्हणू शकतं.

शेवटच्या भेटीत मी गोष्टीच्या तासाला तिच्या शेजारी बसले होते. फळीवरच्या तक्त्याचं प्लॅस्टिक 'बघ', 'नको' आणि 'अजून' या चौकटींवर घासून धुरकट झालं होतं. तिनं 'तू'वर बोट नेलं. मी थांबले. मनात दहापर्यंत मोजणं आता मलाही जमतं. सात-आठपाशी बोट सरकत सरकत उजवीकडे गेलं आणि 'जा'वर टेकलं. ताईंनी दोन्ही शब्द मोठ्यानं म्हटले आणि माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांना असं म्हणू नये, असं तिला कुणी म्हणालं नाही.

मी पिशवी उचलून उठले. वऱ्हांड्यात चपला घालताना आत गोष्ट सुरू झाली. खिडकीतून पाहिलं, तर मी बसले होते त्या जागी तिच्या वर्गातली एक मुलगी येऊन, खुर्चीच्या हाताला डोकं टेकून बसली होती. ती जागा तिचीच होती.